आप्पांचे छत्तीस फोटो

रविवार, ८ जानेवारी १९८४

नवी डायरी. गेल्या वर्षीची १९ जानेवारीला बंद पडली. दोष पेनाचा होता. यंदा पेन नवं आहे, त्यामुळे रोज लिहिणार.

मेव्हणा सुकुमार मस्कतहून आला. त्याचा जुना कॅमेरा मला दिला. जपानी, कोटाच्या खिशात मावणारा. म्हणाला, भावजी, जरा अडतो, पण तुम्ही चालवून घ्याल. स्वतःला त्याने नवा घेतलाय. ज्याला दुरुस्ती जमत नाही तो नवा घेतो.

कॅमेरा अगदी वेळेवर आला. कारण आजच गावाहून निरोप आला, आप्पांचा दिवस ठरला. १२ फेब्रुवारी, रविवार, गावच्या बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पटांगणात. मुनीमहाराज आप्पांना क्षुल्लक दीक्षा देणार, म्हणजे साधूपणाची पहिली पायरी. त्या दिवसापासून आप्पा आमच्या घरी राहणार नाहीत. नाव बदलेल, डोक्यावरचे केस हाताने उपटले जातील, अंगावर दोन वस्त्रं उरतील. कुणी त्यांना बाबासो म्हणणार नाही आणि मी आप्पा म्हणायचं नाही. वडिलांचं वय त्र्याहत्तर. गेली दहा वर्षं म्हणत होते, आता निघालेच.

मी खंबीर आहे. मला काही वाटलं नाही. संध्याकाळी जेवण गेलं नाही ते सुकुमारच्या खजुरामुळे.

घरात आप्पांचा एकही फोटो नाही. एका लग्नाच्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेत आहेत, तिथे त्यांचं डोकं हरभऱ्याएवढं आहे. आईचा मात्र भिंतीवर आहे. संकल्प: १२ तारखेच्या आत आप्पांचा फेटा-कोटातला उत्तम फोटो काढायचा, मोठा करायचा आणि आईच्या शेजारी लावायचा. खिळा आजच ठोकून ठेवला.

मंगळवार, १० जानेवारी

कॅमेरा खरोखरच अडतो. बटण दाबलं तर आत काही होत नाही, बारीक लाल दिवा लागतो. माहितीपुस्तक जपानीत आहे. चित्रात एक बाई कॅमेरा धरून हसतेय, तिचा लागत नसावा.

विजेच्या ऑफिसात बावीस वर्षं तक्रारींच्या फायली हाताळल्यात. हेडक्लार्क उगाच झालो नाही. तक्रार आली की आधी कारण लिहायचं, मग तपास. कारण लिहिलं: मस्कतला समुद्र आहे, सबब आत ओल. उपाय म्हणून कॅमेरा तासभर चुलीच्या वैलावर ठेवला. कोपऱ्यातलं चामडं सुटलं, बाकी फरक नाही. मग बायकोने, चंदनाने, तो खिडकीपाशी नेऊन बटण दाबलं तर टक्क झालं. म्हणजे ओल गेली. चंदना म्हणाली, आत माजघरात अंधार होता म्हणून दिवा लागत असेल. बायकांना यंत्रात कारण-परिणाम कळत नाही. समजावून सांगितलं.

गुरुवार, १२ जानेवारी

रोल घालण्यासाठी शिवाजी पेठेत लालासाबच्या स्टुडिओत जावं लागलं. नाइलाज. लालासाबने माझ्या लग्नाचे अकरा फोटो काढले, त्यातल्या नऊ फोटोंत माझे डोळे मिटलेले आहेत. तो म्हणतो, ऐन वेळेला तुमीच मिटता. मी डोळे मिटत नाही. वीस वर्षं हा वाद चालू आहे.

काळा-पांढरा रोल त्याने स्वतः भरला. भरताना कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं डावीकडचं बटण दाखवून म्हणाला, "हे बटण हाय न्हवं, लिव्हर वढली की ह्ये आपसूक फिरलं पायजे. ह्ये फिरलं तर आत फिलम पळाली. न्हाय फिरलं तर तुमी नुसता डबा वाजवालाय."

मी मान डोलावली. हे लोक साध्या गोष्टीचं फार अवडंबर करतात.

आप्पांचा फोटो मी येऊन काढू का, असंही विचारलं. एवढी पेटी, स्टँड, काळं फडकं घेऊन. म्हटलं, गरज नाही. आता घरचा कॅमेरा आहे.

रविवार, १५ जानेवारी

पहिली चाचणी. फोकस खात्रीचा आहे का ते आधी पाहिलं पाहिजे. पुण्याच्या एका मासिकात वाचलं होतं, छापील अक्षरांवर तपासावं. सकाळी आप्पा पुढच्या सोप्यात आजचा पेपर वाचत बसले होते. त्यांनाच दोन्ही हातांनी तो उघडून धरायला सांगितला. चेहरा मध्ये येत होता, अक्षरांवर नेम बसेना. म्हणून पेपर वर धरायला लावला. आणखी वर. पेपरमागून आप्पांनी विचारलं, मी दिसतोय का रे. म्हटलं, दिसायचंच नाही, ही चाचणी आहे.

हात अवघडले असतील त्यांचे, पण दोन मिनिटं धरून राहिले. आप्पा सहकार्य चांगलं करतात. खास फोटो कॅमेरा शंभर टक्के तयार झाल्यावर. घाईने काम बिघडतं.

बुधवार, १८ जानेवारी

आप्पांनी आजपासून मीठ सोडलं. गेल्या आठवड्यात गादी सोडली होती. चंदना आमटी दोन पातेल्यांत करते.

मी आज घड्याळजीकडून बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट आणला. सहा नग, लाल मुठीचे.

रविवार, २२ जानेवारी

भिंगातून सरळ रेघ सरळ येते का, हे पाहायला लांब सरळ भिंत हवी. कोल्हापुरात कळंब्याच्या जेलइतकी सरळ भिंत दुसरी नाही. आप्पांना म्हटलं, चला, तळ्यावर फिरून येऊ. आप्पांनी चपला सोडल्यात आणि वाहनही नको म्हणतात, त्यामुळे चालत गेलो. ते अनवाणी, पण माझ्याच पायाला फोड आला.

वाटेत आप्पा काहीतरी सांगायला लागले. तू लहान असताना मी गूळ घेऊन बैलगाडीने शाहूपुरीच्या पेठेला यायचो आणि तू पोत्यांवर झोपायचास, असं काहीतरी. मी ऊन कुठल्या बाजूने येतंय ते बघत होतो, त्यामुळे पुढचं राहिलं. पुन्हा विचारीन.

भिंतीचे पाच फोटो घेतले. सहाव्याला पहारेकरी आला. जेलच्या भिंतीचा फोटो कशाला पाहिजे, कोण आत आहे तुमचं, असं म्हणून कॅमेरा ओढायला लागला. ऑफिसचं ओळखपत्र घरी राहिलेलं. आप्पा तळ्याच्या बांधावरून उठून आले आणि त्याला म्हणाले, "जाऊ द्या पावणं. माझं पोरगं हाय. मी हितं बसलोय आन् ह्यो भिताडाचा फोटो काढालाय."

पहारेकरी हसला. आप्पाही हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. परतीच्या वाटेवर उरलेले फोटो झाडं, तळं आणि एक म्हैस यांच्यावर संपवले.

बुधवार, २५ जानेवारी

रोल धुऊन आला. छत्तीसपैकी एकतीस आले. भिंत सरळ आहे. म्हैस थोडी हलली. पेपरचे मथळे वाचता येतात! फोकस खणखणीत.

पण एक दोष. प्रत्येक फोटोच्या डाव्या कडेला पांढरा पट्टा. कॅमेऱ्यात उजेड घुसतोय. लालासाबने मागचं झाकण उघडून दाखवलं, कडेच्या खाचेतला काळा फोम सडून डांबरासारखा चिकट झालाय. म्हणाला, चार दिवस ठेवा माझ्याजवळ, मखमलीची पट्टी बसवून देतो, हाय काय त्यात.

ठेवला नाही. एकदा त्याच्या ताब्यात दिला की जन्मभर ऐकवेल. शिवाय त्याचं निदान चुकलंय. पट्टा डावीकडे येतो. डावीकडे काय आहे? ते फिरणारं बटण. ते बटण चांगलं हलतं, त्याच्या बुडाला फट आहे. उजेड तिथूनच जातो. चोर कुठल्या वाटेने आला हे पाऊल बघून कळतं.

घरी येऊन फोटो पत्र्याच्या डब्यात ठेवले. चंदना सगळे बघत होती. म्हणाली, ह्यात आप्पांचा एकच आहे, आणि त्यातबी आप्पा न्हाईत. चाचणी म्हणजे काय, हे तिला पुन्हा समजावलं.

रविवार, २९ जानेवारी

दोन आठवडे उरले. संकल्प: आज दुरुस्ती पूर्ण.

सकाळी ९. कॅमेऱ्याचं वरचं झाकण खोललं. पाच स्क्रू. वाटीत ठेवले.

१०.३०. एक स्प्रिंग उडाली. सगळ्यांना आहे तिथे थांबायला सांगितलं.

१२. स्प्रिंग मिळाली. आप्पांना मिळाली. एक वेळचं जेवण करायला बसले होते, समोरच्या पाटाखाली दिसली. हल्ली ते जमीन बघून मगच पाऊल टाकतात, मुंगी मरू नये म्हणून. त्याचा मला उपयोग झाला.

५. झाकण बसलं. एक स्क्रू शिल्लक. पाकिटात घालून वर "शिल्लक" असं लिहून फायलीत लावला. फ्लॅश आता लागत नाही. नाहीतरी दीक्षा दिवसा आहे.

गुरुवार, २ फेब्रुवारी

आमच्या ऑफिसातल्या वायरमन सयाजीकडून काळी टेप घेतली. सयाजी म्हणतो, ह्या टेपमधून अकरा हजार व्होल्ट बाहेर येत नाही. मग उजेडाची काय बिशाद आत जाईल.

नीट योजना केली आहे. नवा रोल भरल्यावर मागच्या झाकणाच्या चारी कडांना टेप. आणि मुख्य म्हणजे डावीकडच्या बटणावर आडवे-उभे तीन वेढे, घट्ट. बटण जागचं हलता कामा नये. हलणं हाच रोग होता.

लालासाब काहीतरी म्हणाला होता या बटणाबद्दल. पण तो जुन्या कॅमेऱ्यांचा माणूस.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

दीक्षा समितीचे लोक गावाहून आले होते. मंडप, जेवण, पाहुण्यांची सोय यावर बोलले. फोटोग्राफर सांगायचा का, असं विचारलं. म्हटलं, गरज नाही, घरचा माणूस आहे, घरचा कॅमेरा आहे. तुमच्या स्मरणिकेलाही मीच देईन. त्यांनी वहीत माझं नाव लिहून घेतलं. चंदना चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली आणि बघत राहिली.

संध्याकाळी सराव. कोट-फेटा चढवून आप्पांना खुर्चीत बसवलं, रिकामा कॅमेरा घेऊन अंतर मोजलं. सहा फूट, आठ फूट, पुन्हा सहा. अर्धा-पाऊण तास झाला असेल. आप्पा एकदम म्हणाले, "नेमू, म्हैना झाला, तू मला त्या भोकातनंच बघालायस. एकदा डोळ्यानं बघ की रं."

म्हटलं, आप्पा, फोटो राहिला की जन्मभर डोळ्यांनीच बघणार आहे. हे उत्तर मला लगेच सुचलं. आप्पांना पटलं असावं. फेटा सारखा करून पुन्हा ताठ बसले.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

रुकडीहून बहीण अक्काताई आली. आल्यापासून आप्पांच्या पायाशी बसून आहे. कामाला हात लावत नाही.

रोल लालासाबकडूनच आणला. भरून देतो म्हणाला. मी हातानेच नको म्हटलं. घरी येऊन स्वतः भरला, झाकण लावलं, टेप मारली. कडा चारी, बटण एक. लिव्हर ओढला तर फार घट्ट. थोडा जोर दिला. आत करकर असा बारीक आवाज झाला आणि मग लिव्हर लोण्यासारखा फिरायला लागला. टक्क, टक्क. आकडा एकवर आला.

कॅमेरा आता अडत नाही. सुकुमारला पत्र टाकलं पाहिजे.

शनिवार, ११ फेब्रुवारी, दुपारी ४

घर सोडण्याचा दिवस. आप्पा थोड्या वेळाने गावाकडे निघतील, चालत. आम्ही सकाळच्या गाडीने.

दुपारी दाराशी सायकलची घंटा. लालासाब. मागे पेटी आणि स्टँड बांधलेला, डोक्यावर नवी टोपी. चंदनाने मला न विचारता बोलावलं होतं. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. जाताना म्हणाला, कॅमेरा तरी बघू द्या एकदा. मी तो कोटाच्या खिशातून बाहेर काढला नाही. पायरीवर उभा राहून त्याने आप्पांना लांबूनच हात जोडले. आप्पांनीही जोडले. दोघं एकाच वयाचे असतील. चंदना तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

मग फोटो. खुर्चीत पाच, उभे तीन, आईच्या फोटोशेजारी दोन. उत्कृष्ट. फेटा नीट, प्रकाश डावीकडून. फोकसची काळजीच नाही.

त्यानंतर आप्पांनी फेटा उतरवून खुंटीला अडकवला आणि क्षमा मागायला सुरुवात केली. आमच्यात तशी रीत आहे, घर सोडणारा माणूस घरातल्या प्रत्येकाची हात जोडून क्षमा मागतो. लहान-मोठं बघायचं नाही. पहिला मी. समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नेमू, ह्या घरात काय बोललो आसंन, कुठं चुकलो आसंन, तर मला क्षमा कर बाबा."

मी म्हणालो, थोडं डावीकडे सरका, खांबाची सावली पडतेय तोंडावर.

सरकले. पुन्हा हात जोडले, पुन्हा तेच म्हणाले. मी बटण दाबलं. आप्पा तसेच उभे राहिले जरा वेळ. लिव्हर ओढून आणखी एक घेतला. मग ते अक्काताईकडे वळले.

अक्काताईने त्यांचे पाय धरले आणि हुंदके द्यायला लागली. फोटोत असं तोंड बरं दिसत नाही, तिला दोनदा सांगितलं.

एकूण चौदा. हा हात जोडलेला सगळ्यांत चांगला येणार. भिंतीवर तोच लावायचा.

रविवार, १२ फेब्रुवारी

दीक्षा झाली. मंडप खच्चून भरला होता. बावीस फोटो घेतले, बरोबर छत्तीस. हिशेबात चूक नाही.

व्यासपीठावरून माइकवर विचारलं, मुलाची संमती आहे का. मी त्या वेळी खांबाच्या फळीवर एक पाय ठेवून उंचावरून नेम धरत होतो. "एक मिनिट," म्हणालो. लोक हसले. मग कॅमेऱ्याआडून मान हलवली. ती संमती धरली गेली.

केस उपटायला सुरुवात झाली. आप्पा डोळे उघडे ठेवून बसले होते. मुनीमहाराज राखेत बोटं बुडवून उपटत होते, मूठ मूठ. त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. माझा पाय फळीवरून जरा घसरला, एक फोटो हलला असेल.

नवीन नाव जाहीर झालं. तेव्हा जयजयकार फार झाला, शिवाय मी लिव्हर ओढत होतो. नीट ऐकू आलं नाही. चंदनाला विचारता येत नाही. अक्काताईला विचारीन.

सोमवार, १३ फेब्रुवारी

घरी. सोप्यातली खुर्ची तिथेच आहे, फेटा खुंटीला आहे. रजा संपली, ऑफिसला गेलो.

छत्तीसनंतर लिव्हर अडतो, असं लालासाब म्हणाला होता. माझा शेवटपर्यंत अडला नाही. सयाजीला सांगितलं. तो म्हणाला, साहेब, जे अडायला पायजे ते अडत नसलं तर बघाय लागतंय. वायरमन माणूस, विजेच्या पलीकडे विचार जात नाही.

चंदना आज बोलली. एवढंच विचारलं, "आप्पांनी क्षमा मागितली तवा तुमी काय म्हणालात?"

म्हटलं, लक्षात नाही.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

लालासाबच्या अंधारखोलीत लाल दिवा असतो. हे मला माहीत नव्हतं.

त्याने टेप सोडवली. बटणावरची सोडवताना थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्ये बांधून घातलंसा?"

नंतर दिवा मालवला. अंधारातच फिल्म काढून कड मला बोटाने चाचपायला लावली. कडेची भोकं फाटलेली. जोर दिला तेव्हाची ती करकर. फिल्म पहिल्या जागेवरून तसूभर हलली नव्हती. तरी त्याने धुतली. सगळी पट्टी कोरी, फक्त सुरुवातीला एक चौकोन, डांबरासारखा काळा.

तो चौकोन दिव्यासमोर धरून लालासाब म्हणाला, "छत्तीस येळा ह्या एकाच जाग्यावर उजेड पडलाय, नेमिनाथराव. सगळं आप्पा ह्या एका चौकोनात हायती. पर दिसत न्हाईत."

मी म्हटलं, कागदावर उतरवून तर बघू. त्याने उतरवला. पाण्याच्या थाळीत कागद हलवत आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. कागद पांढराच राहिला. मी म्हणालो, कागद जुना असेल. लालासाब थाळीतला कागद आणखी थोडा वेळ हलवत राहिला. त्याने माझ्या डोळे मिटण्यावरून एकदा तरी काही बोलायला हवं होतं.

रविवार, १९ फेब्रुवारी

दीक्षा समितीला पत्र लिहिलं. स्मरणिकेसाठी फोटो तांत्रिक कारणाने उपलब्ध नाहीत. "तांत्रिक कारण" हा शब्द ऑफिसात नेहमी चालतो. चंदनाने पत्र वाचलं आणि तसंच घडी करून परत दिलं.

अक्काताईला अजून कळवलेलं नाही. तिने पोस्टकार्ड टाकलंय, हात जोडलेल्या फोटोची एक प्रत मला पण पाठव.

चंदना म्हणते, आता जाऊन काढा की, लालासाबला घेऊन जाऊ. पण तो महाराजांचा फोटो होईल. महाराजांचे फोटो पुढेही कोणीतरी काढेल. मला आप्पांचा हवा होता. आप्पा फक्त ११ तारखेच्या दुपारपर्यंत होते.

आज पहिल्यांदा वाटलं, चूक माझीही थोडी असेल. टेपही हलक्या प्रतीची नव्हती, नाहीतर सुटली तरी असती.

रविवार, २६ फेब्रुवारी

मुनिसंघाचा मुक्काम पुढच्या गावी हलला होता. तिथे एकटाच गेलो, कॅमेरा नेला नाही. गाडीत सगळी वाट एक वाक्य पाठ केलं. क्षमा केली, आणि तुम्हीही मला करा.

दर्शनाला रांग होती. नवे महाराज पाटावर बसले होते, शेजारी कमंडलू, हातात मोरपिसांची पिच्छी. मौन होतं त्यांचं. माझी पाळी आली. वंदनाचं इच्छामि म्हटलं, वाकलो, वर बघितलं. डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे कान उघडे पडलेत. एवढे मोठे कान आहेत हे मला त्रेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. डाव्या भुवईत एक पांढरा केस लांब वाढलाय. डोळ्यांचा रंग काळा नाही, गुळासारखा आहे. मी बघतच राहिलो. ते वाक्य आठवेना.

महाराजांनी सगळ्यांना देतात तसा पिच्छी उचलून आशीर्वाद दिला. मागचा स्वयंसेवक माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "पुढं चला पावणं, मागं लई माणसं हायती."

पुढे चाललो. एस.टी. स्टँडवर बसून खूप रडलो. लिहून ठेवतो, कारण ही डायरी कोणी वाचणार नाही.

बुधवार, २९ फेब्रुवारी

कॅमेरा पेटीत ठेवला. शिल्लक स्क्रूचं पाकीट त्याच्याबरोबर. सुकुमारचं पत्र आलं, कॅमेरा कसा चालतो म्हणून विचारतो. उत्तर: आता अडत नाही.

ऑफिसातून आलो तर भिंतीवरच्या खिळ्याला फोटो लागलेला. चंदनाने पत्र्याच्या डब्यातला तो चाचणीचा फोटो लालासाबकडून मोठा करून आणला. पेपर दोन्ही हातांनी उघडलेला. खाली धोतराचा काठ आणि दोन पावलं. वर पेपर, मथळे सगळे वाचता येतात. भिंग लावलं तर तारीखसुद्धा, रविवार, १५ जानेवारी. डाव्या कडेला पांढरा पट्टा आहे, पण बोटं स्वच्छ आहेत. दहाही मोजली. उजवी करंगळी थोडी वाकडी आहे, ती तराजूत सापडून मोडली होती म्हणे. कधी, ते मी विचारलं नाही.

फोकसला नाव ठेवायला जागा नाही.

आईचा फोटो शेजारी आहे. चहा घेऊन समोर बसलो. मी म्हणालो, आप्पा, पेपर जरा खाली घ्या.

चंदनाने आतून विचारलं, काय म्हणालात. म्हटलं, काही नाही.